शिवबाईचे दार

मित्रांनो, मी एक जुना टाइपरायटर आहे. माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला. बोटीने मुंबईला आणि तिथून आगगाडीने सोलापूरला आलो. भवानी पेठेतल्या गुरुबसप्पा अर्जनविसांच्या ओसरीवर मी पंधरा वर्षे इंग्रजी अर्ज छापले. गुरुबसप्पा माझी अक्षरे रोज फडक्याने पुसत. यांच्या अर्जात साहेबालाही चूक सापडत नाही, असे लोक म्हणत. मला त्याचा अभिमान होता, आजही आहे.

१९२९ साली शिवबाई आमच्या ओसरीवर आली. ती गिरणीत रीळ खात्यात कामाला होती. तिथल्या कापडाच्या कोठाराला दोन दारे होती, एक आडाकडचे आणि एक रस्त्याकडचे. एके दुपारी कोठारातून पाणी आणायला गेलेली शिवबाई आडाकडचे दार लावायला विसरली. नेमके त्याच दुपारी रस्त्याकडचे दार उघडून कोणी चार तागे पळवले. चौकशीत तिने आपली चूक सरळ सांगितली. कारकुनाने घाईघाईने लिहिले, 'आय लेफ्ट द डोअर ओपन', आणि तिचा अंगठा घेतला. साहेबाने ते वाचले. चोरांना हिनेच वाट करून दिली, असे समजून त्याने तिला कामावरून काढले.

गुरुबसप्पांनी तिने आणलेली कारकुनाच्या कागदाची नक्कल वाचली. दाराचा उल्लेखच गाळून नवा अर्ज करू, असे त्यांनी सुचवले. शिवबाईने मान हलवली.

"न्हाय. उगडं ऱ्हायलं ते माज्याच हातनं. पन ते आडाकडचं व्हतं. खरं हाय तेवडंच लिवा."

गुरुबसप्पांनी कागद पुन्हा वाचला. मग म्हणाले, "बाई, तुमी खरंच सांगितलं हुतं. कागदावर एक शब्द चुकलाय, बगा."

त्यांनी तिला समजावले. सांगणारा आणि ऐकणारा, दोघांच्याही मनात असलेली, ठरलेली वस्तू सांगायची तर इंग्रजीत 'द' लावतात. गिरणीत त्या दिवशी सगळ्यांच्या तोंडी चोरीचेच दार होते, म्हणून 'द डोअर' म्हणताच साहेबाला तेच दिसले. अनेकांपैकी कुठलेतरी एक, पहिल्यांदाच सांगायचे, तर 'अ'.

मग त्यांची बोटे माझ्यावर चालू लागली. 'आय लेफ्ट अ डोअर ओपन. इट वॉज द डोअर टु द वेल.' आधी एक दार, मग ते आडाकडचेच. माझा एकही ठसा पुसट उठला नाही.

अर्ज वाचून साहेबाने आडावरच्या बायकांना बोलावून विचारले. त्यांनी शिवबाईला आडाकडच्या दारानेच जाता-येताना पाहिले होते. आठ दिवसांनी ती कामावर परतली. त्याआधी आमच्या ओसरीवर येऊन तिने माझ्यापुढे हात जोडले.

पुढे गुरुबसप्पांची नजर अधू झाली. आता मी फळीवर धूळ खात पडलो आहे. कोणी दोन थेंब तेल घातले तर आजही स्वच्छ छापीन, याची मला खात्री आहे. तुम्ही शाळेत 'अ', 'ॲन', 'द' घोकता आणि कंटाळता, हे मला ठाऊक आहे. पण मित्रांनो, ज्याला वाचता येत नाही तो तुमच्या भरवशावर अंगठा उठवतो. त्याच्यासाठी लिहाल तेव्हा एकेका अक्षराला जपा.