गोकुळाबाईच्या पाठीवरचा पंप

मी इळा बोलतोय. पुस्तकात मला विळा म्हणतात, पण नागभीडकडच्या आमच्या गावात तसं कोणी म्हणत नाही. मुश्ताकभाई लोहारांनी ट्रकच्या जुन्या कमानपाट्यातून मला घडवलं, तिवसाच्या लाकडाची मूठ बसवली आणि बाजाराच्या दिवशी गोकुळाबाईच्या हाती दिलं.

गोकुळाबाई ग्रामपंचायतीच्या कामावर होती. शाळेचं मैदान, दवाखान्याची मागची बाजू, तलावाची पाळ. जिथे गाजरगवत माजेल तिथे आम्ही दोघं. असे नऊ पावसाळे गेले. दगडावर धार लावली की ती अंगठ्यानं मला हळूच चाचपायची. हिचं माझ्यावाचून चालायचं नाही, असं मी समजत होतो.

त्या गवतानं तिचे हात मात्र कोपरापर्यंत लाल व्हायचे. भाकर थापताना ती कण्हायची. मला ते कळत होतं. तरी दुसऱ्या सकाळी तिनं मलाच उचलावं, हेच मला हवं असायचं.

मागच्या वर्षी सरपंच रश्मीताईंनी फवारणीचा निळा पंप आणला. सोबत रबरी हातमोजे.

"बाई, आता हात सांभाळा," त्या म्हणाल्या.

गोकुळाबाईनं पंप पाठीवर घेतला. लेकरासारखा. मला कमरेच्या वर कधी जागा मिळाली नव्हती.

मी घराच्या कुडाच्या भिंतीत खोचलेला राहिलो. ती रोज त्या पंपाला तीन पाण्यानं धुवायची, सावलीत वाळत ठेवायची. माझ्यावर गंज चढत होता. एकदा त्याची तोटी तुंबली, तेव्हा मला झालेला आनंद सांगायला लाज वाटते. तिनं बारीक काडीनं ती किती सांभाळून मोकळी केली म्हणून सांगू.

मग श्रावणात तलावाच्या काठी बेशरमीची झाडं इतकी माजली, की डोंगा पाण्यात घालायला वाट उरली नाही. पंचायतीनं तिथेही फवारणी ठरवली. झाडं तोडून वाट काढायला म्हणून तिनं त्या दिवशी मलाही घेतलं. पाळीवर इस्तारीभाऊ वाट अडवून उभे होते. या तलावात मासे धरूनच त्यांचं घर चालतं.

"बाई, पाण्यात औषध नोको. मासोळ्या मरतीन."

"मले पंचायतीनं सांगतलं, भाऊ."

"तू या तलावाची मासोळी खात नाई का?"

तिनं पाठीवरचा पंप उतरवला. तो पाळीवर ठेवून ती सरळ पंचायतीत गेली.

"ताई, पाण्याच्या काठानं मी औषध नाई मारत. कापून, मुळं खणून काढू. चार बाया द्या."

"किती दिवस लागतील?"

"आठ."

रश्मीताईंनी होकार दिला.

आठ दिवस मी चिखलात चाललो. गंज उतरला, पातं चमकलं. डोंगे पाण्यात गेले. नवव्या दिवशी इस्तारीभाऊंनी बाईच्या घरी मरळ मासा आणून दिला. पंपाला यातलं काही जमलं नसतं, हे मी मनातल्या मनात शंभरदा घोकलं.

पण ते आठही दिवस तिच्या हातात मोजे होते. त्या पंपाचे. तिचा तळवा मला लागलाच नाही.

आता वर्षातून दोनदा, तलावाच्या काठापुरता मी तिचा. बाकी सारं गाव त्या पंपाचं. तिची सून जया परवा म्हणाली, "आत्याबाई, हात किती साजरे झाले तुमचे." मी कुडातून ऐकलं आणि जळलो.

बाई, एकदा मोजे काढून मला धर.

नको. मोजे घालूनच धर. पण धर.