मेंढपाळांचा पाठ

“रविवारच्या पाठातलं मधलं सोडा, बाई. मेंढपाळांचं. देव स्वतःच कळप गोळा करतो, थेट तिथं या,” पाळकसाहेब म्हणाले. “नाही जमलं, तर खोली रिकामी करा.”

“बरं सायेब,” सत्यभामाबाई म्हणाल्या आणि पुन्हा भाकरी थापायला लागल्या.

नेरजवळच्या आमच्या मिशन बोर्डिंगात त्या तीस वर्षं स्वयंपाक करत होत्या. राहायच्या स्वयंपाकघरामागच्या खोलीत. अक्षरओळख शून्य. पण आमच्या चर्चच्या मंडळीत जुनी चाल होती: बायबलातल्या संदेष्ट्यांचा पाठ वाचायचा नाही, तोंडपाठ म्हणायचा. पूर्वीच्या म्हाताऱ्यांना कुठं वाचता येत होतं! बाईंनी आईकडून ऐकून ऐकून पाठ केलं होतं. यहेज्केल संदेष्टा तर त्यांच्या घरचाच माणूस.

कापसानं लागोपाठ दगा दिला त्या वर्षांत आमच्याकडं कितीतरी बाया विधवा झाल्या. त्यांच्यासाठी वरून शिलाई मशिनी आल्या आणि गेल्या कुठं, तर पाळकसाहेबांच्या मेहुण्याच्या दुकानात, वणीला! मशिनी वाटल्याच्या कागदावर मंडळीचा चिटणीस म्हणून सही माझी. बायकोची मिशनच्या शाळेतली नोकरी जाईल म्हणून केली, असं मी स्वतःला सांगायचो. भेकडाला कारण लागतं, दुसरं काय.

त्या रविवारी पाठांच्या छापील कोष्टकात नेमका यहेज्केलचा हाच पाठ आला. कळप उपाशी ठेवून आपलंच पोट भरणारे मेंढपाळ, आणि त्यांना जाब विचारणारा देव.

बाईंनी डोळे मिटून सुरुवात केली. मेंढपाळांपाशी आल्या आणि थांबल्या. पुन्हा पहिल्यापासून धरलं, पुन्हा तिथंच अडल्या. तिसऱ्या वेळी मात्र सगळं धाडधाड बाहेर आलं. दूध कुणी प्यालं, लोकर कुणी पांघरली, लंगड्या मेंढीचा पाय कुणी बांधला नाही, काही म्हणता काही राहिलं नाही. साहेबांचा चेहरा पांढराफटक.

बाहेर आल्यावर त्या विधवांतली ममता बाईंच्या पाया पडली. मशिनी मिळाल्याच्या यादीत तिचंही नाव होतं, मशीन तिनं डोळ्यांनी पाहिली नव्हती.

“नको व माय, पाया नको पडू,” बाई मागं सरकल्या.

बुधवारी खोलीची किल्ली घ्यायला मलाच जावं लागलं. बाई गाठोडं बांधत होत्या.

“मोठं धाडस केलंत, बाई.”

“कायचं धाडस, बाबू? मी सोडनारच होती. या खोलीसाठी सोडनार होती.” त्या रडायला लागल्या. “पन मले मधातून उचलताच येत नाही. पहिल्यापासून म्हनलं तरच पुढचं येते. अन् थे पोरगी पाया पडून राह्यली! मले मेल्याहून मेल्यासारखं झालं.”

बाईंना मधलं सोडता येणार नाही, हे मला आधीच ठाऊक होतं. साहेबांना मी बोललो नाही. खरं सांगतो, मला वाटत होतं, ते कुणीतरी बोलून टाकावं, फक्त आपण नको. किल्ली खिशात टाकून मी निघालो. बाई ममताच्या पडवीत राहायला गेल्या.

पुढच्या रविवारी साहेबांचा हुकूम आला: तोच पाठ पुन्हा, नीट, आणि चिटणीसांनी वाचायचा.

मला वाचता येतं. सुरुवातीच्या दोन ओळी वाचल्या, मधलं सफाईनं सोडलं आणि देव कळप गोळा करतो तिथं आलो. साहेबांनी मान डोलावली.

शेवटच्या बाकावर सत्यभामाबाई डोळे मिटून बसल्या होत्या. मी आमेन म्हटलं, तेव्हाही त्यांचे ओठ हलत होते. त्या अजून मेंढपाळांपाशीच होत्या.