तीन हजार बिल्ले

हंगाम एकही माणूस न मरता पार पडला, तर फाटकवाल्याच्या पदरात दोन गोष्टी पडणार होत्या. एक म्हणजे खालच्या गावात बदली, आणि तिच्याबरोबर भिंतींना बुरशी नसलेल्या दोन खोल्या. मुलीची शाळा तिथून हाकेच्या अंतरावर. दुसरी गोष्ट त्याने कुणाला बोलून दाखवली नव्हती. ती होती मेहुण्यापासून सुटका. खरं सांगायचं तर पहिलीपेक्षा दुसरीचंच मोल त्याच्या लेखी जास्त होतं.

डोंगर लग्नाच्या बाजारातल्या काही स्थळांसारखा होता. लांबून देखणा, आतून भुसभुशीत. शिखरावर तीर्थ, तिथला कातळ पक्का. पण फाटकापासून शिखरापर्यंतची वाट कच्च्या उतारावरून नागमोडी जात होती. या उताराची नाडी बघायला एक बाई नेमली होती. तिसऱ्या वळणाच्या वर जमिनीला भेग पडली होती. तिच्या दोन्ही काठांवर बाईने लोखंडी खुंट्या ठोकल्या होत्या आणि ती रोज त्यांच्यामधलं अंतर टेपने मोजायची. सगळे तिला खुंटीबाई म्हणत. डोंगराला एका वेळी तीन हजार माणसं सोसतील, त्यापुढे नाही, हा आकडा तिचा.

म्हणून बिल्ले तीन हजारच पाडले. पिवळे, प्लास्टिकचे, मधे भोक, वर क्रमांक. फाटकाशेजारी मोठी फळी, तिच्यावर तीन हजार खिळे. वर जाणाऱ्याच्या गळ्यात बिल्ला पडायचा, तो खाली आला की पुन्हा खिळ्यावर. फळी रिकामी झाली की फाटक बंद. हिशेब इतका सोपा की यात लबाडीला जागाच नाही, असं तो मांडणाऱ्यांना वाटलं. पण माणूस जागा बघून लबाडी करत नाही, नड बघून करतो.

नड होती मेहुण्याची. फाटकवाल्याच्या बायकोचा हा धाकटा भाऊ खेचरवाल्यांचा पुढारी होता. त्याच्या हाताखाली ऐंशी खेचरं. फळी रिकामी झाली की ऐंशीच्या ऐंशी फाटकाबाहेरच्या तळावर उभी राहून चारा खायची, आणि मेहुणा त्यांच्याकडे बघत स्वतःच्या मिशा खायचा.

त्याला वाट करून दिली ती मात्र फाटकवाल्यानेच. हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात उतरणाऱ्यांची फाटकाशी कोंडी झाली. एकेकाच्या गळ्यातला बिल्ला काढायचा, त्या क्रमांकाचा खिळा शोधायचा. तेवढ्यात मागून रेटा आला आणि एक म्हातारी पायाखाली गेली. वाचली, पण थोडक्यात. संध्याकाळी बायको म्हणाली, "खेचरावरून उतरणाऱ्यांचे बिल्ले माझा भाऊ गोळा करून गठ्ठ्याने आणून देईल की! घरचाच माणूस आहे. तेवढीच तुमची रांग कमी."

रांग खरंच कमी झाली. मेहुण्याची माणसं पन्नास-पन्नास बिल्ले सुतळीत ओवून आणायची, फाटकवाला मोजायचा आणि खिळ्यांवर चढवायचा. बिल्ले मोजायचा, माणसं नाही. चोराच्या हाती किल्ल्या दिल्या आणि वर चोराचेच आभार मानले.

मग दोन दिवस पाऊस कोसळला. वाट बंद राहिली, यात्रेकरू तळावर साचत गेले. तिसऱ्या दिवशी उघडीप मिळाली आणि पहाटेपासून माणसांचा लोंढा वर चढला. दुपारी एक आजोबा काठी टेकत खाली आले. गळा मोकळा.

"बिल्ला कुठाय, बाबा?"

"तो खेचरवाल्याने सकाळीच घेतला की. म्हणाला, तुम्ही निवांत या, रांगेचा त्रास मी वाचवतो. भला माणूस!"

"म्हणजे तुम्ही सकाळपासून वरच होता?"

"वरच. आणि मी काय एकटा? आमच्या अख्ख्या जथ्याचे घेतले. तिकडे पाय ठेवायला जागा नाही, आणि तुम्ही आणखी सोडताय माणसं. कमाल आहे बुवा तुमची!"

फाटकवाल्याने फळीकडे बघितलं. आठशे बिल्ले पिवळेधमक लटकत होते. तेवढ्यात कमरेचा वॉकीटॉकी खरखरला. खुंटीबाई.

"वर किती सोडलेत?"

"बावीसशे..."

"मला शेंडी लावू नका. रांगेची शेपटी दिसतेय मला इथून. साडेचार हजारांना मरण नाही. भेग सकाळपासून चार बोटं उघडलीय, दोन खुंट्या उपटून पडल्यात. नीट ऐका. जे वर आहेत त्यांना मी कातळावर बसवतेय. उतार रिकामा होतोय. तुमच्याकडून आता एकही पाय वर येता कामा नये. माणसाचा नाही, खेचराचा नाही."

"बाई, इथे दोन हजार उभे आहेत."

"उभेच ठेवा. आडवे होण्यापेक्षा बरं."

फाटकवाल्याने लोखंडी फाटक ओढलं आणि अडसर घातला. आजोबांना त्याने आपल्या खोलीत ढकललं. त्याचं डोकं जागेवर होतं: दोन तास. लोकांना दोन तास थोपवलं तर कंटाळून तळावर परततील, एकही मरणार नाही.

"फाटक का लावलं?" पुढून कुणीतरी विचारलं.

"उतार धोक्याचा आहे. आज कुणी वर जायचं नाही."

"तीन दिवस चिखलात काढलेत आम्ही!"

गर्दी कुरकुरली, पण मागे सरकायच्या बेतात होती. दोघांतिघांनी तर बोचकी उचललीही. तेवढ्यात मेहुणा आला. खांद्यावर बिल्ल्यांची सुतळी, हातात चाबूक. मागे तीस खेचरं, सगळ्यांवर स्वार बसलेले.

"दाजी, उघडा. हे घ्या पन्नास. मोजून आणलेत."

"ज्यांचे आणलेस ती माणसं कुठायत?"

"येताहेत मागून."

"कातळावर बसलीयत ती! अरे नालायका, बावीसशे माणसांची तू दुप्पट केलीस त्या डोंगरावर. भेग उघडलीय."

मेहुणा जवळ आला आणि आवाज खाली आणला. "हळू बोला. गठ्ठ्याने बिल्ले घ्यायला कुणी सुरुवात केली? चौकशी झाली तर आधी तुमची मान जाईल, मग माझी. ही शेवटची खेप जाऊ द्या. ताईची शपथ."

"ताईला मधे आणू नकोस. माझी मान जाऊ दे. फाटक उघडणार नाही."

 मेहुणा वळला आणि खेचराच्या रिकिबीत पाय देऊन गर्दीच्या वर उंच झाला. "बघा हो! आठशे बिल्ले लटकताहेत फळीवर आणि हा म्हणतो वाट बंद! वशिल्याचे यायचेत मागून, त्यांच्यासाठी राखून ठेवलेत!"

दोन हजार डोकी फळीकडे वळली. बिल्ले उन्हात चमकत होते. न दिसणाऱ्या भेगेपेक्षा दिसणारा बिल्ला खरा.

पहिला दगड फाटकवाल्याच्या बरगडीत बसला, दुसरा कानशिलावर. तो पडला नाही, फळीकडे धावला. एका खेचरवाल्याने त्याचा सदरा धरला, सदरा फाटून त्याच्या हातात राहिला. फाटकवाल्याने फळीखाली खांदा घातला, दात-ओठ खाऊन उचलली आणि दरीच्या कठड्यावरून उलटी केली. बिल्ला नाही तर माणूस नाही. उभा हंगाम लोकांना त्याने हेच शिकवलं होतं. पिवळा पाऊस पडावा तसे बिल्ले दरीत गेले.

सगळे नाही गेले. शंभरेक अलीकडे सांडले आणि त्यांच्यावर माणसं तुटून पडली. एका बाईने छत्रीचं टोक शेजारच्याच्या गालात खुपसलं; त्याने ते उपटलं आणि तिच्याच तोंडावर हाणलं. एकाने बोटं पसरून चार बिल्ले झाकले, तर दुसऱ्याने बुटाची टाच त्या बोटांवर ठेवून फिरवली. एका गृहस्थाने बिल्ला दातात धरला होता. तिघांनी त्याला खाली पाडला, जबडा उघडला आणि बिल्ल्यासकट दोन दात काढून घेतले. पुण्य कमवायला निघालेली माणसं होती ही. घरी मुंगी चिरडली तर हळहळणारी.

चाबूक आला तो डाव्या बाजूने. फाटकवाल्याच्या डोळ्यात उकळतं तेल ओतल्यासारखं झालं. हात लावला तर डोळ्याच्या जागी काहीतरी गरम, चिकट.

"उघडतोस का नाही?" दाजी गेले, तुम्ही गेलं, मेहुण्याच्या तोंडात नुसतं तू उरलं. "भिकारड्या, माझ्या बहिणीने तुला..."

चाबूक दुसऱ्यांदा उठला. फाटकवाल्याने फाटकाचा अडसर उपसला. हीच त्या दिवसाची त्याची चूक होती की शहाणपण, यावर लोक पुढे बरंच बोलले. त्या घडीला त्याच्या हाताशी दुसरं काही नव्हतं. चार हात लांब लोखंड त्याने जमिनीलगत फिरवलं. मेहुण्याच्या नडगीतून ओली फांदी मोडल्यासारखा आवाज आला. तो खाली कोसळला, पाय भलतीकडेच वळला आणि हाडाचं पांढरं टोक विजारीतून बाहेर आलं.

अडसर हातात आला म्हणजे फाटक मोकळं झालं, हे आधी गर्दीच्या ध्यानात आलं. फाटक धाडकन उघडलं. फाटकवाला बिजागरीच्या खांबावर आदळला आणि त्याच्या अंगावरून पाय जाऊ लागले. पोटावर, हातावर, तोंडावर.

"हाका! हाका खेचरं!" मेहुणा पडल्या पडल्या ओरडत होता. "मला घ्या वर! अरे, मला घ्या!"

पहिलं ऐकलं गेलं, दुसरं नाही. प्रत्येक खेचरावर यात्रेकरू होता आणि पुढाऱ्यासाठी यात्रेकरूला उतरवील इतका कुणाचा जीव मेहुण्यावर नव्हता. त्याच्याच माणसांनी खेचरं त्याला वळसा घालून नेली. एकाने तर त्याच्या अंगावरूनच खेचर उडवून नेलं. टाप त्याच्या कानाला चाटून गेली.

फाटकवाला रांगत सुटला. एका डोळ्याने त्याला मेहुण्याची कॉलर दिसली. ती धरून त्याने त्याला खडकाच्या बाजूला, पुढे आलेल्या कपारीखाली ओढायला सुरुवात केली. मेहुण्याला वाटलं हा आता आपला गळा दाबणार. त्याने फाटकवाल्याच्या मनगटाला दात लावले आणि मांस निघेपर्यंत चावला. फाटकवाल्याने दुसऱ्या हाताने त्याच्या नाकावर ठोसा मारला, पुन्हा मारला, आणि ओढतच राहिला.

वाटेवर शंभरएक माणसं आणि तीस खेचरं तिसऱ्या वळणापर्यंत पोचली होती. वॉकीटॉकीत खुंटीबाई किंचाळत होती, पण तो वाटेत कुठेतरी पायाखाली बडबडत होता.

उतार हलला तो कुणी अंथरूण झटकावं तसा. वरची झाडं उभीच्या उभी खाली चालत आली, मग आडवी झाली. एक खेचर हवेत गोल फिरताना दिसलं, त्याच्यावरचा माणूस अजून लगाम धरून होता. घराएवढा दगड वळणावर टेकला, थांबल्यासारखा वाटला, आणि मग माणसांवरून गडगडत गेला. मागे वाटही नव्हती आणि माणसंही. पुढच्या वळणावर असलेले मागे पळाले, मागचे पुढे रेटत होते. दोन्ही लाटा एकमेकींवर आदळल्या आणि काठावरचे पंधरा-वीस जण दरडीने नव्हे, धक्क्याने दरीत गेले. चिखल फाटकापर्यंत आला, फाटक पत्र्याच्या डब्यासारखं चेपून कपारीच्या तोंडाशी येऊन थांबला.

 मेहुण्याच्या तोंडात अजून रक्त होतं. ते त्याचं नव्हतं.

कातळावरचे साडेचार हजार तीन दिवसांत दोरांवरून उतरवले. एकही मेला नाही. खुंटीबाईने प्रत्येक डोकं स्वतः हात लावून मोजलं. चौकशीला आलेल्या साहेबाने तिला विचारलं, मर्यादा तीन हजारांची असताना वर साडेचार हजार कसे, आणि तुम्हाला दिसत होते तर आधी का नाही सांगितलंत? तिची बदली झाली. पुढच्या हंगामाला खुंट्या मोजायला कुणी नव्हतं.

मदतीच्या अर्जात एक रकाना होता: बिल्ला क्रमांक. फाटक मोडून वर गेलेल्यांच्या गळ्यात बिल्ले नव्हते, ते फाटकवाल्याने दरीत ओतले होते. बहुतेकांच्या नातेवाइकांचे अर्ज 'विनापरवाना' असा शेरा मारून परत आले. फाटकवाल्याने इस्पितळातून तीन पत्रं लिहिली की फळी मी उलटली, दोष त्यांचा नाही. पत्रं फाइलला लागली.

मेहुण्याचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. त्याला सोडून वर गेलेले खेचरवाले बहुतेक मेले, म्हणजे दाजींनी पाय मोडला म्हणून तो वाचला. पण हे त्याला कुणी सांगितलं की तो थुंकायचा. ठेवणार कुठे? बहिणीने आपल्याकडे आणला. बुरशीच्या त्याच खोलीत, एका भिंतीला तो आणि दुसऱ्या भिंतीला चेंगराचेंगरीत कंबर निकामी झालेला फाटकवाला. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. जे काय बोलायचं ते तिच्यामार्फत.

"त्याला सांग, खिडकी लाव."

"त्याला सांग, त्याचे हात धड आहेत."

ती म्हणते, "दोघांचं मिळून एक धड माणूस होत नाही, पण ताटं मात्र दोन लागतात." हसत नाही.

तेव्हा किंमत कुणी मोजली याची बेरीज अशी: सदतीस माणसं आणि एकोणीस खेचरं, एक डोळा, एक पाय, आणि त्या दोघांना रोज सकाळी आळीपाळीने धरून न्हाणीपर्यंत नेणारी एक बाई, जी तो डोंगर आयुष्यात एकदाही चढली नव्हती.