शेवटची खिडकी लाल का पडली?

फाटकासमोर साठ-सत्तर माणसं जमली होती आणि त्यांतलं एकही बोलत नव्हतं, कारण चमत्कार चालू होता.

घराच्या दर्शनी भिंतीवर, छताच्या कडेकडेने, सणाच्या रोषणाईसाठी लाइटची पट्टी लावली होती. रंग बदलणारी होती, पण आज ती पांढऱ्यावर ठेवायला रंगबाबा नावाच्या बुवाने सांगितलं होतं. दारापाशी ती दुधासारखी पांढरी दिसत होती. पुढे सरकत गेली तशी पिवळसर, मग नारिंगी आणि अगदी शेवटच्या खिडकीवर चक्क लाल. त्या खिडकीमागे घरची सून राहायची.

"सूनबाई, फाटकाबाहेर जा," रंगबाबा म्हणाला.

ती गेली. बाबाने डोळे मिटले, छातीवर लटकणाऱ्या कापडी थैलीवर हात ठेवला, ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटला आणि खिडकीवरचा लाल रंग क्षणात पांढराशुभ्र झाला.

"आता आत ये."

ती आत आली. खिडकी पुन्हा लाल झाली.

एकदा झालं असतं तर कुणीतरी योगायोग म्हणालं असतं. बाबाने तिला तीनदा चालवलं. तिसऱ्या खेपेला तिची घरातली चप्पल फाटकात अडकून पायातून निघाली. ती घालायला ती वाकली, तेव्हा जवळची माणसं दोन पावलं मागे सरली. कालपर्यंत हीच माणसं तिच्याकडे साखर मागायला येत होती.

"मी काही बोललो का?" बाबा गर्दीकडे वळला. "मी कोण बोलणार? रंग बोलतो. प्रत्येक माणसाची एक लहर असते. लहर निर्मळ असली की पांढरा. लहरीला गाठ बसली की लाल. हे विज्ञान आहे बरं का. मोठमोठ्या प्रयोगशाळांत हेच चाललंय."

कुठल्या प्रयोगशाळेत, ते कुणी विचारलं नाही. चमत्कार चालू असताना प्रश्न विचारणं लोकांना असभ्यपणाचं वाटतं.

"मग यावर उपाय काय, बाबा?" शेजारची कपडे शिवणारी बाई म्हणाली.

बाबाने पट्टीच्या टोकाला जोडलेल्या काळ्या, सीलबंद पेटीकडे बोट दाखवलं. ती त्याने दुपारीच लावली होती. "शुद्धीपेटी गाठ पिऊन टाकते. पण पिऊन पिऊन किती पिणार? गाठीचा माणूस घरातच राहिला तर फुटक्या बादलीत पाणी भरल्यासारखं आहे. उद्या दिवेलागणीच्या आत सूनबाईने घर सोडावं. वर्षभराने बघू. आणि पेटी कुणी उघडायची नाही. उघडणाऱ्याचे डोळे जातात."

आप्पा पायरीवर उभे राहून हे ऐकत होते. ते तिचे सासरे, आणि ती रोषणाई त्यांनी स्वतःच्या हातांनी केलेली. एवढा वेळ त्यांनी कठडा घट्ट धरून ठेवला होता. पोरीला थांबवावं असं त्यांना तीनही वेळा वाटलं आणि तीनही वेळा ते गप्प राहिले.

आप्पा तसे कुणाच्या थापांना भुलणारे नव्हते. तीस वर्षं त्यांनी वजनं-मापं तपासणाऱ्या खात्यात नोकरी केली. तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक, आतून पोकळ केलेली वजनं, तळाला लाकडाची चकती ठोकलेलं माप, सगळं त्यांनी पकडलं होतं. दुकानदार दिसला की आप्पांची भुवई आपोआप वर जायची.

चार महिन्यांपूर्वी सुनेचं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं. तेव्हापासून घरात भांडी वाजली तरी माणसं दचकत. सणाचे दिवस आले, गल्लीत घरोघरी रंगीत दिवे लागू लागले आणि आप्पांनी मनाशी ठरवलं, यंदा आपणही लावायचे. जन्मात कधी केलं नव्हतं. त्यांनी टेपने छताची कडा मोजली, पंचवीस मीटर भरली. पाच-पाच मीटर पट्टीची पाच रिळं आणली. भिंत ओल्या फडक्याने पुसली, हातभर अंतरावर क्लिपा ठोकल्या, रिळं टोकाला टोक जोडत नेली आणि दारापाशी वीज पुरवणारा एक अ‍ॅडाप्टर लावला.

सोबत एक माहितीपत्रक होतं. सूनबाईने ते वाचून दाखवलं. "आप्पा, यात लिहिलंय की दर दोन रिळांनंतर पुन्हा वीज द्यायची. त्याला वेगळा अ‍ॅडाप्टर लागतो."

आप्पा हसले. "अगं, ही माल खपवायची युक्ती. मला शिकवतात."

निळा, हिरवा, जांभळा, सगळे रंग त्यांनी एकेक करून पाहिले. खूश झाले. मग पांढरा लावला आणि शेवटची खिडकी लाल दिसली. शेवटचं रीळ खराब असेल म्हणून त्यांनी ते बदलून आणलं. नवं रीळही त्याच जागी लाल पडलं. माल बदलला तरी दोष तिथेच राहतो, म्हणजे दोष मालात नाही, इतका हिशेब त्यांनी बरोबर केला. पुढचा मात्र त्यांनी रंगबाबाला करू दिला. तो त्या दिवसांत रोज संध्याकाळी गल्लीबोळांतून लोकांच्या रोषणाईकडे बघत हिंडायचा. माईंनी, म्हणजे आप्पांच्या बायकोने, त्याला आत बोलावलं. त्याने पहिला प्रश्न विचारला, "त्या खोलीत कोण राहतं?"

गर्दी पांगल्यावर घरात कुणी जेवलं नाही. माई डोळे पुसत सुनेची बॅग भरत होत्या. त्या वाईट नव्हत्या. बाळासाठी विणलेले मोजे त्यांनी अजून उशीखाली ठेवले होते.

"डॉक्टरांनी सांगितलं होतं ना, माई," सून म्हणाली. "वार वेळेआधी सुटली. त्यात कुणाचा हात नव्हता. तुम्ही शेजारीच बसला होतात."

"होते गं. पण वार का सुटली, ते त्यांना तरी कुठे सांगता आलं?"

डॉक्टर 'माहीत नाही' म्हणाले होते, कारण त्यांना माहीत नव्हतं. रंगबाबाला सगळं माहीत होतं. दुःखी माणसाला 'माहीत नाही' हे उत्तर सोसत नाही, आणि असल्या बाबांची चूल नेमकी त्यावरच पेटते.

सून नवऱ्याकडे वळली. तो मोबाइलवर बसच्या वेळा बघत होता. "तुला काय वाटतं?"

"माझं जाऊ दे," तो म्हणाला. "माईला बरं वाटेल."

सुनेने बॅगेची चेन स्वतःच ओढून बंद केली.

सकाळी आप्पा गल्लीच्या टोकाला पाटीवालीच्या कारखान्यात गेले. ती दुकानांच्या प्रकाशाच्या पाट्या बनवायची. भिंतीला टेकून कुणाकुणाच्या नावांची प्लॅस्टिकची अक्षरं उभी होती आणि खोलीभर तारा जोडायच्या सोल्डरिंगचा वास भरला होता. बाबाची पेटी आता कायमची जोडायची, तर तिला लांब वायर हवी होती.

"ताई, दहा हात वायर द्या."

"कशाला हवीय, काका?"

"लाइटच्या पट्टीला. शेवटच्या टोकाशी एक पेटी जोडायची आहे."

"किती रिळं लावलीत?"

"पाच."

"एकाच अ‍ॅडाप्टरवर?" हातातल्या कामावरची नजर न काढता तिने विचारलं. "मग पांढरा लावला की शेवट लाल पडत असेल."

आप्पा तिच्याकडे बघतच राहिले. त्या टोकाशी कोण झोपतं, हे तिने विचारलंच नव्हतं.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? नवशिक्या माणसाचं हमखास असंच होतं." तिने टेबलाखालून रिळं काढली, पाच एकाला एक जोडली आणि ती जमिनीवरून पार कोपऱ्यापर्यंत नेली. बटण दाबलं. तिच्या पायाशी पांढरा उजेड पडला आणि तिकडच्या टोकाला लाल. तिथे एक रिकामं खोकं पडलेलं होतं. "पांढरा म्हणजे लाल, हिरवा, निळा तिन्ही एकदम पेटलेले. वीज एवढ्या लांब जाता जाता ढिली पडते. निळ्या-हिरव्याला जोर जास्त लागतो, ते आधी मान टाकतात. लालला थोडक्यात भागतं, तो शेवटपर्यंत टिकतो. अख्खी पट्टी लालच लावा, मग बघा, कुठे काही फरक दिसतो का."

मग तिने कोपऱ्यातल्या टोकाला दुसरा अ‍ॅडाप्टर जोडला. खोक्यावरचा लाल उजेड पांढरा झाला. आप्पांनी तिच्या हातून ती तार काढून घेतली, सोडली, पुन्हा जोडली. लाल, पांढरा, लाल. त्यांनी ते किती वेळा केलं कोण जाणे.

"काका, बसा जरा. काय झालंय?"

आप्पांनी सगळं सांगितलं. थैली, पेटी, सुनेच्या तीन फेऱ्या. पाटीवालीने इस्त्रीसारखी तापलेली सोल्डरिंगची सळई बाजूला ठेवली. "छातीवर थैली? उंचसा, बारीक दाढीचा? तो डझनावारी अ‍ॅडाप्टर नेतो माझ्याकडून. वर रिमोटवर चालणारे स्विचही. पाट्या लावायचं काम करतो म्हणाला होता." ती उठलीच. "चला. मी येते."

वाटेत आप्पा एकदाच बोलले. "माल बनवणाऱ्याने खरं लिहिलं होतं, त्याला मी लबाड म्हणालो. आणि लबाडाच्या शब्दावर घरातली पोर बाहेर काढायला निघालो. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली हो मी."

दुपारी त्या दोघांनी बाबाची पेटी वायरीतून सोडवली आणि तिच्या जागी पाटीवालीचा एक साधा अ‍ॅडाप्टर लावला. त्याचं बटण घराच्या कोपऱ्याआड, तिच्या हाताशी.

दिवेलागणीला बाबा हजर झाला. सुनेला निरोप द्यायला कालची सगळी गर्दीही आली. बॅग दारात होती.

"थांबा," आप्पा म्हणाले. "आधी मी चालतो."

ते फाटकाबाहेर गेले. खिडकी पांढरी झाली. आत आले, ती लाल झाली; पुन्हा बाहेर गेले, पांढरी. गर्दीत कुजबुज सुरू झाली. "म्हणजे गाठ माझ्यात," आप्पा म्हणाले. "आता शेजारीणबाई, तुम्ही आत जा." कपडे शिवणारी बाई बिचकत आत गेली. लाल. बाहेर आली, पांढरा. "देवा, मी काय केलंय," म्हणत ती कुंपणाला टेकली.

बाबा थैली दाबत होता. एकदा, दोनदा, पाचदा. खिडकीने त्याला अजिबात जुमानलं नाही.

"बाबा, आता तुम्ही जा आत."

"माझी लहर मोजायची नसते."

मागच्यांनी त्याला जवळजवळ ढकललंच. त्याचं पाऊल फाटकाच्या आत पडलं आणि खिडकी लालबुंद झाली. तेव्हा पाटीवाली कोपऱ्याआडून बाहेर आली आणि हातातलं बटण तिने सगळ्यांना दाखवलं. टक् केलं की लाल, टक् केलं की पांढरा. का होतं तेही सांगितलं.

आप्पांनी काळी पेटी पायरीवर ठेवली.

"डोळे जातील," बाबा म्हणाला, पण त्याचा आवाज चिरकला होता.

"तीस वर्षं सीलं तोडायचाच पगार घेतला मी," आप्पा म्हणाले आणि स्क्रू काढले. आत एक अ‍ॅडाप्टर होता आणि त्याला जोडलेला काडेपेटीएवढा रिमोटचा स्विच. त्याचा जोडीदार, म्हणजे दाबायचा रिमोट, बाबाच्या थैलीत होता. बाबाला पळता भुई थोडी झाली. दोन पोरांनी चौकापर्यंत त्याचा पाठलाग केला, आणि गर्दी हसली. पोट धरधरून हसली.

सून हसली नाही. ती दारात उभी होती.

"काल मी तीनदा चालले," ती म्हणाली. "तेव्हा कुणाला हसू आलं नाही."

काहीजण आपापल्या घराकडे वळले. त्यांतल्या दोघांच्या भिंतीवर बाबाची पेटी होती.

"पोरी, मी चुकलो," आप्पा म्हणाले. सगळ्यांदेखत म्हणाले, आणि त्यांना रडू आवरेना.

"पेटीला चारच स्क्रू होते, आप्पा. दोन मिनिटं लागली तुम्हाला. काल का नाही उघडलीत?"

"भीती वाटली गं."

"मला वाटत नव्हती?"

माई पुढे येऊन तिचा हात धरू लागल्या. तिने धरू दिला, पण दुसऱ्या हाताने बॅग उचलली. "मी आईकडे जाते. तुम्ही पाठवलंत म्हणून नाही. परत यायचं का, ते मी ठरवेन." नवऱ्याने बॅग घ्यायला हात पुढे केला. तिने ती दिली नाही. तो तिच्या मागून दोन पावलं अंतर ठेवून बसथांब्यापर्यंत चालत गेला.

आप्पांनी त्याच संध्याकाळी दोन अ‍ॅडाप्टर वाढवले. आता पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरी दिसते, आणि शेवटच्या खोलीत कुणी नाही.

रंगबाबा एव्हाना दुसऱ्या कुठल्यातरी गल्लीत कुणाच्या तरी छताकडे बघत उभा असेल. तो तुमच्या दारी आला आणि घरातल्या माणसाकडे त्याने बोट दाखवलं, तर त्या माणसाला उंबऱ्याबाहेर काढण्याआधी एवढंच करा. पेटी उघडून बघा. डोळे जात नाहीत. न उघडता मात्र माणूस जातो, आणि तो परत येईलच असं नाही.