कणकेवरची बोटं

पाण्याचा हात पुन्हा जास्त झाला आणि कणीक पातळ होऊन मालूच्या बोटांना चिकटली. सकाळपासूनची ही तिसरी खेप. नागलीचं, म्हणजे नाचणीचं पीठ कसं, उकळतं पाणी ओतलं आणि तळहाताने चार रगडे दिले की ऐकतं. हे गव्हाचं मात्र नव्या नवरीसारखं, घटकेत सैल पडे, घटकेत ताठ बसे. मालूने कोपराने कपाळावरचे केस सारले, वरून आणखी मूठभर पीठ भुरभुरलं आणि स्वतःशीच हसली. आज सगळ्याचंच हसू येत होतं. आज बुधवार होता, आणि दुपारच्या जीपने तिचा नवरा रोहिदास येणार होता.

सूर्यमाळच्या अलीकडे उतारावर वीस-बावीस घरांचा पाडा. तिथून फौजेत गेलेला रोहिदास पहिलाच. मागच्या वर्षी जूनमध्ये रजा संपवून गेला, शिमग्याच्या सुमाराला इकडे मुलगी झाली. ती मान धरायला लागली तेव्हा कारगिलची लढाई सुरू झाली, पालथी पडायला लागली तेव्हा संपली, आणि आता खालचे दोन दात चमकायला लागले तरी तिला नाव नव्हतं. पाड्याची रीतच तशी. मूल सुपात ठेवायचं, बापाने ते दोन्ही हातांनी उचलायचं आणि मग कानात नाव सांगायचं. बाप उचलत नाही तोवर ती नुसती ‘बाय’. नणंद रामी तिला फौजीण म्हणायची, कारण दूध मिळायला क्षणाचा उशीर झाला की ती आख्ख्या पाड्यावर हल्ला करी.

बारसं शुक्रवारी ठरलं होतं. खोडाळ्याच्या बाजारातून गूळ आला होता. रोहिदासने पत्रात नाव लिहून पाठवलं होतं, हर्षदा, आणि ते सासूच्या, गौराबाईच्या तोंडी काही केल्या बसत नव्हतं. ती दारात नागलीची कणसं चोळता चोळता ‘हरशी, हरीसदा’ असं पुटपुटे, आणि रामी लोळून हसे.

गहू हा मालूचा एकटीचा बेत. फौजेत रोज गव्हाचीच रोटी असते हे तिने आश्रमशाळेच्या मास्तरांच्या बायकोकडून, प्रतिभाबाईंकडून ऐकलं होतं. त्यांच्याकडूनच पोळपाट-लाटणं मागून आणलं होतं. इतका मोठा पराक्रम करून आलेल्या माणसापुढे नागलीची भाकर कशी वाढायची? पराक्रम तर तिने विहिरीवर केव्हाच जाहीर केला होता. माझ्या माणसाने पाकिस्तानी मारले, असं ती सांगे. श्रावणात ते दोन होते, गणपतीत पाच झाले, आणि भात पिवळं पडेपर्यंत बाराच्या पुढे गेले. एकाने तरी खरं विचारायला हवं होतं, पण सगळ्यांनाच ते आवडत होतं.

चौथ्या खेपेला कणीक जमली. मऊ, गोल, कानाच्या पाळीसारखी. मालूने ती थाळीत ठेवून चार बोटं हलकेच दाबून बघितली, वर भांडं पालथं घातलं, आणि तेवढ्यात वळणावर जीपचा भोंगा वाजला.

मग काय झालं ते तिला नीट आठवत नाही. पोरगी काखोटीला होती, पदर कुठे होता कोण जाणे. जीपच्या टपावर काळी ट्रंक, मागच्या फळीवर लोंबकळणाऱ्या माणसांत एक ताठ उभा. काळवंडला होता, गालफडं वर आली होती, पण हसू तेच, एका बाजूचं. म्हाताऱ्यांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या, बायांनी ओवाळलं. मालूने पोरीला पुढे केलं. रोहिदासने दोन्ही हात उचलले, आणि उचललेले हात तसेच खाली घेतले. अंग मळलंय, म्हणाला, आधी धुऊन येतो.

ओढ्यावर अंघोळ करून आला, तरी घेतली नाही. समोर उकिडवा बसून मात्र डोळे भरून बघत राहिला. तिची बोटं मोजली, दात मोजले, कानामागचा तीळ शोधून काढला. तोवर ओटा माणसांनी भरला आणि तेच एक सगळे विचारू लागले, किती मारले? तो बर्फाबद्दल बोलला, मणभर लोखंड घातल्यासारखे जड बूट आणि चहा गोठून त्याचा खडा होतो ते सांगितलं. लोक हसले. मालू आतून कान लावून होती. बाराचा आकडा काही आला नाही.

जेवायच्या वेळी त्याला चुलीपुढे बसवून तिने ऐटीत भांडं उचललं. थाळीत कणकेचा गोळा, त्यावर तिची चार बोटं उमटलेली. रोहिदास त्या गोळ्याकडे बघत राहिला. मग उठला, भूक नाही म्हणाला, आणि वाकून दाराबाहेर गेला. पुढे तासाभराने मालूने बघितलं, तर मागच्या पडवीत आईच्या हातची नागलीची भाकर मिरचीच्या ठेच्याशी मिटक्या मारत खात होता.

मालूला हे लागलं. रामी म्हणाली, वहिनी, तुझ्या रोटीला बघूनच फौज पळाली. एरवी मालूनेही हसून तिला चिमटा काढला असता.

गुरुवारी सकाळी मालू सूप सारवत होती. शेणाचा हात फिरवून ते उन्हात ठेवलं, तर रोहिदास आईपुढे येऊन उभा राहिला आणि खाली बघत म्हणाला, “आय, शुक्रवारी बारसं नाय व्हायचं. मना सूतक हाये.”

गौराबाईने हातातलं कणीस खाली ठेवलं. नात्यातली सगळी माणसं तिने बोटांवर घेतली. मोठा चुलता खोडाळ्याला धडधाकट, मामा दाभोशाला, कालच त्यांचा निरोप आला होता. कोण मेलं? रोहिदास विळा उचलून नागलीच्या वावरात निघून गेला.

मालूच्या डोक्यात भडका उडाला. सात महिने वाट बघितली ती काय यासाठी? पोरीला रामीकडे टाकून ती तशीच शेणाच्या हातांनी चढ चढून गेली. तो वाकून कणसं कापत होता. तिने त्याच्या हातातला विळा धरला आणि विचारलं, पोरगी नको झालीये का तुला, मुलगा पायजे होता का? तसं स्पष्ट सांग.

रोहिदास बांधावर बसला. हातातल्या कणसाचे दाणे चोळून काढता काढता बोलायला लागला.

“वरची पोस्ट व्हती, पाकिस्तान्यांची. तीन दिस पोटात बिस्किटाचा चुरा नि बरफ, दुसरं काय नाय. मी सगळ्यांच्या पुढं. दगडाची भिंत, तिला दारायेवढं भोक. वाकून बघलं तं आत तो एकलाच बसलेला, थाळीत कणीक मळीत व्हता. बंदूक बाजूलाच. त्यानं मान वर केली, माझ्याकडं बघलं. पण हात थांबला नाय, मालू. बघत व्हता नि मळत व्हता.”

“मंग?”

“मंग मी गोळी मारली.”

खालून पाड्यातल्या कोंबड्यांचा आवाज येत होता. मालूला वाटलं होतं हे ऐकताना आपली छाती फुगेल. बारा नव्हते, पण एक तर होता, आणि तो खरा होता.

“वाईट वाटलं?” तिने विचारलं.

“तवा? खोटं का बोलू.” तो एकदम तिच्याकडे वळला, आणि त्याच्या डोळ्यांत काहीतरी लखलखलं. “नाचलो आमी. एकमेकांच्या गळ्यात पडून नाचलो. मी इतका वरडलो का दोन दिस घशातून आवाज नव्हता. अजून पण ती घडी आठवली का अंगावर काटा येतो, आनंदाचा. तो नसता मेला तं मी मेलो असतो. मारल्याचं मी मनाला लावून घेतलं नाय.” त्याने हातातलं कणीस बांधावर ठेवलं. “पण मंग भूक लागली.”

मालूने त्याच्याकडे बघितलं. तिला आधीच कळलं.

“ती कणीक तशीच पडलेली. वर त्याची चार बोटं उठलेली. आमच्यातल्या एकानं स्टो पेटवला, पाच जणांच्या पाच रोट्या झाल्या. ऊन ऊन खाल्ल्या. मीठ बरोबर व्हतं, मालू. आणि शेवटचा घास खाल्ला तवा मना आय आठवली.”

आय म्हणजे गौराबाईची ती जुनी गोष्ट. रोहिदास लहान असताना दुष्काळात ती रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. एक दिवस चक्कर येऊन पडली, तेव्हा कुठल्या तरी परक्या पाड्यातल्या म्हातारीने तिला आपल्या मडक्यातली आंबील पाजली. पुढे ती म्हातारी गेल्याचं कानावर आलं, तर गौराबाईने घरात सूतक पाळलं. लोक हसले. तिचं म्हणणं एकच, भुकेच्या वेळी ज्याच्या हातचं खाल्लं तो आपल्या घरचा. मालू लग्न होऊन आली त्या आठवड्यातच तिने ही गोष्ट दोनदा ऐकली होती.

तिकडे सूतक कसं पाळणार, रोहिदास सांगत होता. दुसऱ्याच दिवशी पुढची पोस्ट होती. नंतर छावणीत कोणाला सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं. म्हणून तसंच राहिलं. ते फिटत नाही तोवर पोरीला हात लावायचा नाही, असं त्याने गाडीत बसतानाच ठरवलं होतं.

“दुश्मन व्हता ना तो?” मालू म्हणाली. तिचा आवाज अजून चढाच होता.

“व्हता.”

“मंग दुश्मनाचं सूतक धरतं का कोण?”

“दुश्मनाचं नाय धरीत. जेवू घातलं त्याचं धरतो.”

मालूने विळा त्याच्या हातात परत दिला आणि चढ उतरून घरी आली.

गौराबाईने मालूकडून सगळं ऐकून घेतलं. तिने त्या मेलेल्या माणसाचं नाव विचारलं, ते कोणाला ठाऊक नव्हतं. मग तिने निवाडा केला की उशिरा कळलेल्याला तीन दिवस पुरतात. गुरुवार, शुक्रवार, शनिवार. रविवारी सकाळी अंघोळ करून बारसं. गूळ काही नासत नाही.

आता पाड्यात सांगायचं कोणी आणि काय? ज्या विहिरीवर मालूने बारा माणसं मारली होती, तिथेच हंडा घेऊन तिला जायचं होतं. दोर सोडता सोडता बायांनी विचारलंच, कोणाचं गं सूतक? खोटं बोलायला एक दूरचा मामा पुरला असता. मालूने हंडा भरला, चुंबळ डोक्यावर बसवली आणि म्हणाली, “लढाईत ह्याला उपाशीपोटी ज्यानं जेवू घातलं, तो माणूस गेला.”

बाया हळहळल्या. एकीने तिचा हंडा उचलून दिला. त्या दिवसानंतर मालूने विहिरीवर आकडा सांगितला नाही.

ते तीन दिवस रोहिदास ओट्यावर निजला, तेलाशिवाय जेवला. पोरीला मात्र सूतक कुठलं ठाऊक असणार? तिला नुकतंच रांगता येऊ लागलं होतं, आणि घरात आलेला हा नवा माणूस तिला भलताच आवडला होता. ती लाळ गाळत त्याच्या दिशेने सुटे, तो मागे सरके. ती वळून पुन्हा चाल करी, तो खांबाआड जाई. तिला वाटे खेळच आहे. ती अशी खिदळायची की शेजारची माणसं बघायला यायची. कारगिलचा फौजी एका बायपोरीपुढे पळतोय, असं म्हणून रामीने पाडाभर केलं. रोहिदासही हसे, आणि हसता हसता हात पाठीमागे घट्ट बांधून घेई. मालूला ते हात दिसत.

रविवारी तांबडं फुटायच्या आत तो ओढ्यात बुडी मारून आला. नऊच्या सुमाराला अंगण भरलं. ढोलकीवर थाप पडली, बायांनी गाणं धरलं, गुळाच्या वासाने पोरं चुलीभोवती घोटाळायला लागली. मालूच्या अंगात वारं शिरलं होतं. तिने पोरीला न्हाऊमाखू घातलं, डोळ्यांत काजळ भरलं, सुपात नवं धडपं अंथरून तिला ठेवलं. पोरीने सुपाच्या कडा दोन्ही हातांनी धरल्या, जणू ती जीपमध्येच बसलीय.

गव्हाचं पीठ उरलं होतं. त्याचं काय करायचं हे मालूने विचारायच्या आधीच रोहिदासने ते मागून घेतलं होतं. फौजी कणीक मळतो म्हणून बाहेर हशा पिकला होता, पण तो आत चुलीपुढे एकटाच मांडी घालून बसला होता.

मालू सूप घेऊन त्याला बोलवायला दारात आली. तिच्यामुळे आतला उजेड अडला, तशी त्याने मान वर केली. तिच्याकडे बघितलं, सुपातल्या पोरीकडे बघितलं. हात थांबला नाही. बघत होता आणि मळत होता.

आपण कुठे उभ्या आहोत ते मालूला कळलं. ती चटकन बाजूला झाली, वाकून आत आली, सूप जमिनीवर ठेवून थाळीच्या दुसऱ्या अंगाला बसली.

“मीठ घातलं?”

“घातलं.”

तिने चिमूटभर कणीक तोडून जिभेवर ठेवली. बरोबर होतं. चूल तिने पेटवली, लाटली त्याने, भाजली तिने. मालूने पोरीला काखोटीला मारलं आणि पहिली रोटी पळसाच्या पानावर घेऊन दोघं मागच्या बांधावर गेली. कुठे ठेवू, असं तिने नुसत्या डोळ्यांनी विचारलं. त्याने डोंगरापलीकडे, उत्तरेला बोट दाखवलं. त्या अंगाला पान ठेवून, वर पाण्याची धार सोडून दोघं माघारी आली, आणि पोरगी पुन्हा सुपात बसली. कावळा आला की कुत्रं, ते बघायला कोणी थांबलं नाही. अंगणात ढोलकी चढाला लागली होती आणि रामी हाका मारत होती.

रोहिदास घागरीतल्या पाण्याने कोपरापर्यंत हात धुवायला लागला. धुऊन झाले, पुन्हा धुतले. नखांत अडकलेली कणीक निघेना.

“राहू दे,” मालू म्हणाली, आणि सूप पुढे सरकवलं.