दीड महिन्याचा श्रावण

उज्जैनला घर असलं की श्रावणात ते आपलं राहत नाही. महाकालाची सवारी बघायला नाशिकपासून नागपूरपर्यंतचे झाडून सगळे नातलग एकदम भाविक होतात, आणि पहिला फोन येतो तो फ्रीगंजातल्या मधुकर आणि जयूला. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं. जयू बिचारी गाद्या घालते, साबुदाणा भिजवते, पालखी कुठून नीट दिसते ते समजावते आणि वर हसतेही. यंदाही हसत होती. फक्त यंदा तिला पाहुणे हवेच होते, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

झालं होतं असं की, आषाढात महिला मंडळानं स्तनांच्या तपासणीचं शिबिर ठेवलं. मंडळाची चिटणीस जयू. बायका लाजून एकमेकींच्या आड लपायला लागल्या, म्हणून हीच पहिली पुढे झाली. बाकी सगळ्यांचं साफ निघालं, आणि हिचं तेवढं अडलं. डावीकडे काहीतरी दिसत होतं. टावर चौकाजवळच्या डॉक्टर खंडेलवाल मॅडमनी पुन्हा फोटो काढला, सोनोग्राफी केली, बराच वेळ पडद्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "देखिए, लगता तो ठीक है, पर साफ नहीं है. छह महीने बाद फिर देख लें, या अभी सुई से ज़रा-सा टुकड़ा निकालकर जाँच करा लें. दोनों चल सकता है. आप सोचकर बता दीजिए."

आता ही काय सांगायची रीत झाली? करा म्हणाल्या असत्या तर जयूनं निमूटपणे केलं असतं. नको म्हणाल्या असत्या तर वाटेत पाव किलो पेढे घेऊन घरी आली असती. पण 'तुम्हीच ठरवा' म्हणजे धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. सासरी आल्यापासून हिनं भाजीसुद्धा चार जणांना विचारून केलेली. तिच्या तोंडून आपोआप निघालं, "सावन के बाद बताती हूँ."

इथं एक गंमत सांगायला हवी. उज्जैनच्या मराठी माणसाला दोन श्रावण असतात. गावाचा सावन गुरुपौर्णिमेनंतर सुरू होतो आणि राखीला संपतो. आपला श्रावण त्यानंतर पंधरवड्यानं लागतो आणि पोळ्यापर्यंत चालतो. उपास कुठला धरायचा यावरून दरवर्षी घरोघरी वाद. जयूनं यंदा वाद घातलाच नाही, दोन्ही धरले. मॅडमच्या कॅलेंडरात महिना होता, जयूनं गुपचूप दीड करून घेतला.

मधुकरला तिनं अर्धंच सांगितलं. "नीट दिसलं नाही म्हणे. सहा महिन्यांनी परत बघू म्हणाल्या." सुईचं गिळून टाकलं. तो बँकेतून रिटायर झालेला, साधा माणूस. "चला, म्हणजे फिकर नाही," म्हणाला आणि पेपर उघडून बसला. जयूला हायसं वाटलं, आणि त्याचा रागही आला.

फिकर मात्र तिच्या अंगातून हलेना. भांडी घासताना सहा महिन्यांचं ठरायचं, ती पुसून होईपर्यंत सुईचं. बसली की उठावंसं वाटे, उठली की कशाला उठले ते आठवेना. पदराखाली हात सारखा डावीकडे जायचा, चाचपायचा, काही लागायचं नाही, आणि नाही लागलं म्हणून जास्तच भीती वाटायची. एकदा खिचडीत मीठ दोनदा पडलं, एकदा पडलंच नाही. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ते खोटं नाही. गौरीच्या, म्हणजे मुलीच्या लग्नात आपण भिंतीवर, फोटोला हार, इथपर्यंत ती पोळ्या लाटता लाटता जाऊन आली. मरायची भीती वाटत होती तिला, सरळ सांगायचं तर. आणि कळायची भीती त्याहून मोठी होती.

राखीला नणंद आली, विजयाताई, नाशिकहून. भावाला राखी बांधायची आणि सोमवारची सवारी बघून परत जायचं असा बेत. सोमवारी सकाळी जयू साबुदाणा मोकळा करत होती, विजयाताई जवळ बसून शेंगदाणे सोलत होत्या. जयूचा मोबाइल बाहेर वाजला आणि तो मधुकरनं उचलला.

"हाँ जी... घर से ही बोल रहा हूँ... कौन-सी सुई?"

जयूचे हात परातीतच राहिले.

मधुकर स्वयंपाकघराच्या दारात आला. "खंडेलवाल मॅडमकडची मुलगी होती. म्हणे, आपकी मिसेज ने सावन के बाद बोला था, सावन तो हो गया. सुईचं काय ठरलं, विचारत होती. जयू, तू मला सुईचं नाही बोललीस."

"नाही बोलले," जयू म्हणाली.

तिला वाटलं, आता हा चिडेल. ओरडेल, चप्पल घाल म्हणेल, हाताला धरून रिक्षात बसवेल. इतके दिवस आपण ह्याचीच वाट बघत होतो, हे तिला त्या क्षणी कळलं. कुणीतरी दटावून न्यावं, म्हणजे सुटलो.

मधुकर काही चिडला नाही. त्यानं फोन उलटा केला, सुलटा केला. "मी सांगितलं त्यांना," तो म्हणाला, "हमारा सावन अभी चल रहा है. पोळ्यानंतर कळवू म्हटलं. बरोबर केलं ना? ताई आलीये, आज सवारी, मग गणपती येतील... आणि सहा महिने चालतात असं त्याच म्हणाल्यात ना."

शब्दन् शब्द जयूचा होता. फक्त तो त्याच्या तोंडून येत होता, आणि फोन अजून उलटासुलटा होत होता. जयूनं त्याच्याकडे बघितलं. हा माणूस आपल्यापेक्षा जास्त घाबरलाय. ह्याच्यावर सोपवलं तर हा पोळ्यानंतर गणपती काढेल, गणपतीनंतर पितृपक्ष, मग नवरात्र, आणि आपण दोघं एकमेकांना सण दाखवत बसू.

तिनं हात धुतले. "द्या तो फोन."

तिनं नंबर लावला. मुलगी म्हणाली, आज सवारीमुळे पेशंट नाहीत, मॅडम आहेत, आत्ता आलात तर होईल.

"वन्सं," जयू विजयाताईंना म्हणाली, "खिचडी तुम्ही परता. तूप वरच्या फळीवर आहे. सवारीला शेजारच्यांबरोबर जा, मी येत नाही."

विजयाताई शेंगदाणे हातात धरून उभ्या राहिल्या. उज्जैनच्या घरात पाहुण्यांनी खिचडी परतायची, असं त्यांच्या आयुष्यात घडलं नव्हतं. "सवारी गेली खड्ड्यात," त्या म्हणाल्या. "तू जा. मधू, तोंड काय बघतोस, रिक्षा आण."

दवाखान्यात टेबलावर झोपवून मॅडमनी बधिर करायचं इंजेक्शन तयार केलं. मधुकर बाहेर बाकावर, जयूची पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून.

"आपके यहाँ तो अभी सावन चल रहा है ना?" मॅडमनी हसत विचारलं. "सर ने फोन पर बताया."

"हाँ, चल रहा है," जयू म्हणाली. "चलने दीजिए उसे."

उत्तर आठवड्यानं येणार होतं आणि काय येणार ते कुणालाच माहीत नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "उधर मुँह कर लीजिए, डर नहीं लगेगा." जयूनं मान वळवली नाही. ती सोनोग्राफीच्या पडद्याकडे बघत राहिली.