रतनमामाचं छातीवरचं मशीन

अगं रुचिता, तू आधी फक्त ऐक, मधे बोलू नकोस.

आमचा रतनमामा माहितीये ना, अँजिओप्लास्टी झालेला? तेव्हापासून कल्याणच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात व्यायामाला जातो. हार्टवाल्यांचा क्लास असतो तिथे, सिस्टर समोर उभी राहून सगळ्यांना चालायला लावते. काय रुबाब करतो गं तिथे! बाकीच्या म्हाताऱ्यांना सांगतो, "माझ्यासारखं चाला." जसं काय ब्लॉकेज नाही, मेडल निघालंय छातीतून.

तर गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी त्याला ते हॉल्टर लावलं. छातीला वायरी चिकटवतात, कमरेला डबी, दिवस-रात्र ठोके टिपत बसते. वर बजावलं, नाचायचं नाही, प्यायचं नाही. आणि नेमका त्याच दिवशी शीळफाट्याला त्याच्या पुतणीचा, सान्वीचा साखरपुडा. डीजे, मटण, सगळं. मामा थांबतोय? मी साडी बदलायला आतल्या खोलीत गेले, तर शकूमामी पलंगावर बसलेली आणि वायरी तिच्या छातीला!

"मामी, हे काय?"

"ते बोलले, तू तशी पण बसूनच असतेस. मशीन काढून ठेवलं नि ठोके नाय आले तर डॉक्टरला कळेल ना गो."

बसूनच असते म्हणे! जिना चढली तरी धापा टाकते, गॅससमोर चक्कर येते, म्हणून बसते ती. चक्कर आली की हा म्हणतो, "उपास कमी कर." बाहेर बघते तर साहेब डोक्याला रुमाल बांधून डीजेसमोर. मग पिऊन जो आडवा झाला तो सकाळीच उठला. मशीन रात्रभर मामीच्याच अंगावर.

परवा रिपोर्ट होता. इंग्रजी कळायला म्हणून मला पण नेलेलं. डॉक्टर म्हणाले, "झोपेत ठोके मधेच थांबतायत. आजच ॲडमिट व्हा, पेसमेकर लागेल."

आणि मामा हसला, रुचिता! माझ्या कानात काय म्हणतो, "माझं नाय ते गो. मी ठणठणीत!" मग डॉक्टरांना म्हणाला, "पुतणीचं लग्न आहे, तेवढं उरकून येतो."

उरकून! बायको मागे उभी, याचीच पिशवी धरून, ओठ पांढरेफटक. मी तोंड उघडलं तर तिनेच मला चिमटा काढला. "गप बस गो. लग्नघर आहे. यांचं हसं होईल."

मी सांगून टाकलं. सगळं. डॉक्टर मामाकडे असे बघत राहिले ना! मामीला तिथूनच व्हीलचेअरवर आत नेलं.

आता मामा गावभर सांगत फिरतोय, भाचीने लग्नात विघ्न आणलं. मी लग्नाला यायचं नाही, असा निरोपपण आलाय. गेलं खड्ड्यात ते लग्न. पण काल मामीला भेटायला गेले. पेसमेकर बसलाय, बोलताना धाप लागत नाही आता. आणि त्याच मोकळ्या श्वासाने ती मला म्हणाली, "चारचौघांत त्यांना मान खाली घालायला लावलीस." आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

आता तूच सांग, तू काय केलं असतंस?